तिकीट नसलेला रस्ता

दक्षिण मुंबईत रॅम्पार्ट रो नावाचा एक आखूड रस्ता आहे. पाटीवर त्याचं नाव के. दुभाष मार्ग. महात्मा गांधी रस्त्यावरून आत वळलं की सुरू होतो आणि लायन गेटच्या दिशेने जाऊन संपतो. एरवी या रस्त्यावर गाड्यांचं राज्य असतं. दोन्ही कडांना गाड्या, मधल्या मोकळ्या पट्ट्यात वाहनतळ आणि जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या टॅक्सी. वर्षातले नऊ दिवस मात्र इथे एकही गाडी नसते. त्या जागी मांडणशिल्पं उभी राहतात, मंच बांधला जातो, हस्तकलेचे स्टॉल लागतात आणि लोकलने आलेली माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्याच्या बरोबर मधून चालतात.

हा काळा घोडा कला महोत्सव. तो १९९९ साली सुरू झाला. बहुतेक वर्षं तो फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्याच्या रविवारी संपत आला. अलीकडे तो जानेवारीच्या अखेरीसही झाला आहे. शनिवारी सुरू करून रविवारी संपवण्याचा फायदा असा, की नऊ दिवसांत दोन शनिवार-रविवार पदरात पडतात. संगीत, नृत्य, नाटक, साहित्य, चित्रपट, दृश्यकला, मुलांचे उपक्रम, खाद्यसंस्कृती, वास्तूंच्या पदयात्रा अशी त्याची बरीच दालनं, आणि प्रेक्षकाला तिकीट नाही. लहान सभागृहांत जो आधी येईल तो आधी बसेल. काही कार्यशाळांना आणि पदयात्रांना नावनोंदणी लागते, एवढंच.

इतका मोठा कलामहोत्सव कलावंतांच्या किंवा रसिकांच्या एखाद्या मंडळाने सुरू केला असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी काळजी होती ती इमारतींची. गर्दी जमवायची आणि त्या गर्दीच्या जोरावर जुनं शहर राखायचं, हा या उत्सवामागचा विचार. तो किती फळला आणि कुठे अडखळला, हे पाहायचं तर आधी ही जागा नीट पाहायला हवी.

तटबंदी पडली, रस्ता झाला

ब्रिटिशांच्या मुंबईभोवती तट होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, तो पाडला गेला. कापसाच्या व्यापाराने शहरात पैसा आला होता, वस्ती वाढली होती, आणि तटाचा उपयोग संपला होता. रॅम्पार्ट रो हे नाव त्या तटाची आठवण. मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या काही दशकांत एकापाठोपाठ एक सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. १८७० साली डेव्हिड ससून ग्रंथालय झालं. १८८४ साली पुढे बराच काळ फिक्या निळ्या रंगाने ओळखलं गेलेलं केनेसेथ एलियाहू हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आलं. १८८८ साली एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि राज्याचं पुराभिलेखागारही याच इमारतीत. १९११ साली सर कावसजी जहांगीर सभागृह बांधलं गेलं. १९९६पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी उघडलं. आणि १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी. पाच-सात मिनिटांच्या चालीत इतकं सगळं.

कलेचा राबताही इथे जुना आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा घेऊन उभं राहिलेलं वॉटसन हॉटेल इथलंच. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती या हॉटेलात. हॉटेल युरोपियन लोकांसाठीचं आणि खेळाचं तिकीट एक रुपया. त्या काळच्या मजुराला परवडण्यासारखं ते नव्हतं. रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीचं दालन होतं आणि १९४९ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपने आपलं प्रदर्शन तिथे भरवलं. सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्या जोडीला त्यात हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे ही दोन मराठी नावंही होती. पुढे जहांगीरच्या आतलं समोवार हे उपाहारगृह चित्रकारांचा अड्डा बनलं. कोपऱ्यावरचं ऱ्हिदम हाउस म्हणजे तबकड्या, कॅसेट आणि सीडी धुंडाळणाऱ्यांचं तीर्थक्षेत्र.

ज्या घोड्यावरून परिसराला नाव मिळालं तो मात्र बराच काळ इथे नव्हता. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ साली मुंबईत आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. जोसेफ एडगर बोहम यांनी घडवलेला हा काळपट ब्राँझचा पुतळा १८७९ साली इथे बसला. स्वातंत्र्यानंतर राजाराण्यांचे पुतळे हलवले गेले, त्यात १९६५ साली हाही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी लोक पत्ता सांगताना त्याचंच नाव घेत राहिले. २०१७ साली हा उत्सव भरवणाऱ्या काळा घोडा असोसिएशनने नवा घोडा उभारला. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना आणि श्रीहरी भोसले यांचं शिल्प. या घोड्यावर स्वार नाही. राजा वगळून घोडा तेवढा परत आणण्याचा हा निर्णय.

नियम आले, पैसे आले नाहीत

१९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, त्यांची श्रेणी ठरली, आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावता येणार नाही असं झालं. पण नियम पाडकाम थांबवू शकतो, गळकं छप्पर दुरुस्त करू शकत नाही. हा परिसर ज्यात येतो त्या फोर्टातल्या कितीतरी इमारती भाडे नियंत्रण कायद्याखाली होत्या. भाडं दशकानुदशकं गोठलेलं, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला जागा सोडायची नव्हती. सरकारी आणि विश्वस्त संस्थांच्या इमारतींची गोष्ट वेगळी, पण खजिना तिथेही रिकामाच. दगडी कमानींवर वातानुकूलन यंत्रं लटकत होती, नक्षीवर केबलींचे गुंते होते, दर्शनी भागावर पाट्यांची गर्दी होती.

फोर्टातल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत या प्रश्नाचा अभ्यास चालला होता. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा आणि त्यांचे सहकारी वेगळ्या बाजूने विचार करत होते. जुनी इमारत केवळ जुनी आहे म्हणून टिकत नाही. तिचा आजच्या माणसाला काही उपयोग हवा आणि तिच्याबद्दल आस्था असणारा गट हवा. काळा घोडा परिसरात संग्रहालयं, दालनं, ग्रंथालय, कॉलेज, दुकानं आधीपासूनच होती. त्यांना एकत्र बांधून या भागाला शहराचा कलापरिसर म्हणून ओळख द्यायची ठरली. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. स्थानिक संस्था, दुकानदार, वास्तुविशारद, कलावंत असे त्यात आले. दुसऱ्याच वर्षी उत्सव भरला. उत्सवातून निधी उभा करायचा आणि तो परिसराच्या जतनासाठी वापरायचा, असं सूत्र ठरलं.

घरात लग्नकार्य निघालं की वर्षानुवर्षं रखडलेली रंगरंगोटी आठवड्यात उरकते, पाहुणे येणार म्हणून. या मंडळींनी अख्ख्या परिसराच्या बाबतीत तेच केलं. दरवर्षी पाहुणे बोलवायचे, म्हणजे घराकडे लक्ष राहतं.

रस्त्याचा रंगमंच होताना

बंदिस्त नाट्यगृहात उजेड, आवाज आणि प्रेक्षक या तिन्ही गोष्टी हातात असतात. रस्त्यावर यातली एकही नसते. प्रेक्षक उभा असतो, चालता असतो, हातात कणीस किंवा कुल्फी असते. त्याला पहिल्या मिनिटात पकडलं नाही तर तो पुढच्या गर्दीकडे सरकतो. म्हणून इथे पथनाट्य जमतं, ढोल जमतो, लोकनृत्य जमतं, आणि विलंबित ख्यालाला वेगळी जागा शोधावी लागते. आयोजकांनी हे ओळखून कार्यक्रमांची वाटणी केली. रॅम्पार्ट रोवर पथनाट्य, कला-करामती आणि मांडणशिल्पं. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्य, कारण पुस्तकावर बोलायला सावली आणि खुर्ची लागते. मोठ्या संगीतसभा आणि नृत्यासाठी क्रॉस मैदान, हॉर्निमन सर्कलची बाग, एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या अशा जागा वेगवेगळ्या वर्षी वापरल्या गेल्या.

एशियाटिकच्या पायऱ्यांवरची मैफल ज्यांनी ऐकली त्यांना या उत्सवाचं मर्म वेगळं सांगावं लागत नाही. १८३३ साली पूर्ण झालेला तो टाउन हॉल, त्याचे जाडजूड खांब आणि खाली पसरलेल्या रुंद पायऱ्या. एरवी तिथे फोटो काढणारी जोडपी आणि अभ्यासाला आलेली मुलं बसलेली असतात. दिव्यांच्या उजेडात हीच इमारत नेपथ्य होते, आणि गायकाकडे बघता बघता लोक खांबांकडेही बघायला लागतात. जतनाचं भाषण तासभर ऐकूनही जे होत नाही ते असं होतं.

दृश्यकलेचा भाग सगळ्यात लोकप्रिय. भंगार, बांबू, कापड, जुने टायर, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांतून तरुण कलावंत आणि कला-वास्तुकलेचे विद्यार्थी मोठमोठी मांडणशिल्पं उभी करतात. त्यांना ऊन, वारा आणि हजारो हात झेलावे लागतात. ‘हात लावू नका’ ही पाटी रस्त्यावर चालत नाही, म्हणून हात लावला तरी टिकेल असंच बांधावं लागतं. कला महाविद्यालयात न शिकवलं जाणारं हे शिक्षण इथे नऊ दिवसांत मिळतं.

वेळेचं गणित कायद्याने बांधलेलं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकतं. त्यातून न्यायालय, रुग्णालय आणि शाळा-कॉलेजांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि उच्च न्यायालय तर इथून हाकेच्या अंतरावर. महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल अशा अनेक दारांवर परवानग्यांसाठी जावं लागतं. कुठला मंच कुठे, हे बऱ्याचदा कलेपेक्षा परवानगीने ठरतं. पण दहाला थांबण्याचा एक फायदाही आहे: कर्जतची किंवा विरारची गाडी पकडायला माणूस निवांत निघू शकतो.

फुकट, पण कुणाच्या पैशाने

प्रेक्षकाला फुकट असलेल्या कार्यक्रमाचा खर्च कुणीतरी करतच असतो. इथे तो प्रामुख्याने प्रायोजक करतात, शिवाय स्टॉलचं भाडं येतं. एका इंग्रजी वृत्तपत्राचं नाव कित्येक वर्षं उत्सवाच्या नावाआधी लागत होतं. प्रायोजक आला की त्याची कमान येते, फुगा येतो, मोटारीचं नवं मॉडेल येतं. पाट्यांच्या गर्दीतून इमारती मोकळ्या करायला निघालेल्या उत्सवातच पाट्यांची गर्दी होते, यावर टीका होत आली आणि ती खोटी नाही. दुसरा मोठा हातभार स्वयंसेवकांचा. चित्रकार ब्रिंदा मिलर यांनी वर्षानुवर्षं या उत्सवाची धुरा वाहिली. त्यांच्याबरोबर प्रत्येक दालनाचे संयोजक आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून रस्ता दाखवणारी कॉलेजची पोरं.

तिसरा हिस्सा कलावंतांचा, आणि तो नाजूक आहे. मोठ्या मंचावर लाखभर डोळ्यांसमोर येण्याची संधी हेच मानधन, असा हिशेब सांस्कृतिक जगात सर्रास मांडला जातो. प्रस्थापित गायकाला तो परवडतो. गावाहून ढोल घेऊन आलेल्या पथकाला रोजगार बुडवून यावं लागतं. प्रेक्षकाला मोफत द्यायचं तर कलावंताला अधिक चोख मोबदला द्यायला हवा, असं माझं मत आहे. नाहीतर मोफत उत्सवाचं तिकीट प्रेक्षकाऐवजी कलावंतानेच काढलं, असं होतं.

कुणाचा रस्ता?

मुंबईला रस्त्यावरची कला काळा घोड्याने शिकवली नाही. गिरगावच्या गणेशोत्सवात मेळे होते. गिरणगावात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकांनी हजारोंचे जमाव बांधून ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ हे सभेचं निम्मं भाषण होतं, आणि त्या लढ्याचं हुतात्मा स्मारक रॅम्पार्ट रोपासून दहा मिनिटांवर आहे. ती सगळी कला वस्तीतली होती. गाणारा आणि ऐकणारा एकाच चाळीतले. काळा घोड्याला वस्ती जवळपास नाही. फोर्ट संध्याकाळी रिकामा होतो. इथे येणारा प्रत्येकजण पाहुणा असतो. त्यामुळे हा उत्सव कुठल्या एका गल्लीचा, पेठेचा किंवा जातीचा झाला नाही. पण सुरुवातीची अनेक वर्षं त्याची भाषा, त्याची पत्रकं आणि त्याची ऐट इंग्रजी राहिली, याचं कारणही तेच.

ते हळूहळू बदललं ते लोकलमुळे. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही टोकं इथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. २०२५ साली भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळ आलं. तिकीट नाही आणि गाडी थेट, या दोन गोष्टी जुळल्या की डोंबिवली, वसई, कुर्ला, मानखुर्द सगळे येतात. नाक मुरडणारे म्हणतात, आता इथे कलेपेक्षा सेल्फी जास्त. म्हणोत. पाठीमागे एल्फिन्स्टनच्या कमानी घेऊन फोटो काढणाऱ्या मुलीने त्या कमानी निदान पाहिल्या तरी. गर्दीची खरी अडचण निराळी आहे. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी रेटारेटी इतकी होते, की म्हाताऱ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला या ‘सर्वांसाठी’ असलेल्या उत्सवात शिरता येत नाही. जुन्या दगडाला आणि फरसबंदीलाही एवढ्या पावलांचा भार सोसावा लागतो. जतनासाठी जमवलेली गर्दी जतनाच्याच मुळावर येऊ नये, ही कसरत दरवर्षीची.

पाहुण्यांच्या या रस्त्यावर कायमचे रहिवासी मात्र आहेत, आणि त्यांची नोंद एका मराठी कवीने घेतली. अरुण कोलटकर इथल्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं बसत. २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, ‘काळा घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह आला. त्यात भटका कुत्रा आहे, झाडूवाल्या आहेत, पदपथावर राहणारी माणसं आणि त्यांची सकाळची इडली आहे. जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर चित्रं मांडून बसणारे चित्रकारही याच बाराही महिन्यांच्या रस्त्याचे. उत्सवाच्या नकाशात या माणसांना जागा किती, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःला विचारत राहायला हवा.

हिशेब

पंचवीस वर्षांनंतर सूत्र कितपत जमलं? जमेच्या बाजूला ठोस कामं आहेत. फोर्टातल्या पेरिन नरिमन स्ट्रीटवरचा बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा मनोरा, घड्याळ आणि कारंजं यांचा जीर्णोद्धार असोसिएशनने केला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी ते काम पाहिलं. परिसरातल्या इतर वास्तूंच्या दुरुस्तीलाही हातभार लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वातावरण. २०१८ साली मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातल्या ९४ इमारतींपैकी काही याच परिसरातल्या. त्या यशामागे अनेक संस्थांचे आणि नागरिकांचे परिश्रम आहेत. पण जुन्या इमारती ही चार अभ्यासकांची आवड न राहता शहराच्या अभिमानाची गोष्ट झाली, त्यात या उत्सवाचा वाटा नक्की आहे.

खर्चाच्या बाजूला समोवार आहे, २०१५ साली बंद झालेलं. ऱ्हिदम हाउस आहे, २०१६ साली बंद झालेलं. वेसाइड इनही राहिलं नाही. इमारत वाचली तरी तिच्यातला व्यवहार वाचतोच असं नाही. परिसराचं नाव झालं की जागेचा भाव वाढतो, आणि स्वस्त चहा-कटलेटवर तासन्‌तास बसू देणारी दुकानं महागड्या उपाहारगृहांना जागा करून देतात. संगीताची दुकानं मोबाइलनेही मारली, सगळा दोष उत्सवाच्या माथी मारता येणार नाही. पण भिंती राखण्याचं तंत्र आपल्याला साधलं आणि अड्डे राखण्याचं साधलं नाही, हे मान्य करावं लागेल.

करोनाकाळात दोन वर्षं रस्ता उत्सवाविना गेला. २०२३ साली तो परत भरला तेव्हा लोक आधीपेक्षा जास्त असोशीने आले. पडद्यावर सगळं काही मोफत मिळत असतानाही माणसं दीड तास लोकलमध्ये उभी राहून आली, ही गोष्ट आयोजकांपेक्षा शहराबद्दल जास्त सांगते.

जहांगीर आर्ट गॅलरीत वर्षभर प्रवेश मोफत असतो. तरीही समोरच्या पदपथावरून रोज जाणारे हजारो लोक त्या चार पायऱ्या चढत नाहीत. आपले कपडे, आपली भाषा, आपलं अज्ञान आत चालेल का, ही शंका त्यांना अडवते. रस्त्याला पायरी नसते आणि दारावर कुणी उभं नसतं, म्हणून तो ही शंका नऊ दिवसांपुरती मिटवतो. उत्सवाचं यश मोजायचं असेल तर शेवटच्या रविवारची गर्दी मोजू नये. त्या गर्दीतला एखादा माणूस पुढे कधीतरी, ऐन कामाच्या दिवशी, एकटा त्या पायऱ्या चढून आत गेला का, हे पाहावं. तसा तो जात असेल तर वाहनतळ नऊ दिवस बंद ठेवण्याची किंमत शहराला स्वस्तच पडली.